महिनाअखेरची गाडी

बर्नडीन कुबाकीच्या जुन्या गाडीला खालून एवढं मोठं भोक पडलं होतं, की शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला पायांखालून रस्ता पळताना दिसायचा. अमेरिकेत ओहायोमधल्या टोलेडो शहरात हिवाळाभर बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने अकरा वर्षांत पत्रा खाऊन टाकला होता. त्या भोकावर बर्नडीनने ओव्हनमधला एक जुना ट्रे टाकून ठेवला होता आणि वडिलांना गाडीत बसवताना ती दर वेळी सांगायची, "पा, पाय ट्रेवरच ठेवा हं."

"नाही," थॅडियस कुबाकी म्हणायचे आणि पाय ट्रेवर ठेवायचे.

जुलैपासून त्यांच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला होता. परसात टोमॅटोच्या रोपांना पाणी घालताना त्यांना झटका आला, उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालावं लागलं, आणि बहात्तर वर्षं धबधब्यासारखी चाललेली वाचा एका दुपारीत बंद झाली. दोन आठवड्यांनी परत आला तो फक्त 'नाही'. कॉफी हवी का विचारलं तर नाही म्हणत त्यांचा डावा हात कपाकडे जायचा. थंडी वाजतेय का, नाही. लोकरीची टोपी घालू का, नाही, आणि डोकं मुलीपुढे वाकायचं. स्वरावरून अर्थ ओळखायला बर्नडीन हळूहळू शिकली होती. पण त्या शब्दामागे तिचे वडील नक्की कितीसे शिल्लक आहेत, हे तिला कुणी सांगत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "समजतं थोडंफार. आकडे बहुधा गेले. बघू." वाचा परत यावी म्हणून आठवड्यातून तीनदा ती त्यांना मिस फेल्प्सकडे न्यायची. मिस फेल्प्स त्यांच्यासमोर चित्रांचे पत्ते मांडायच्या, तीन सफरचंदं, पाच सफरचंदं, आणि विचारायच्या, "यातली पाच कुठली?" थॅडियस कुबाकी पत्ते डाव्या हाताने बाजूला सारायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. चार महिन्यांत त्यांनी एकदाही बरोबर पत्ता उचलला नव्हता.

आणि हा माणूस कोण? तर लाग्रांज रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांमध्ये ज्याला सोबत घेतल्याशिवाय कुणी नवी गाडी घ्यायचं नाही, असा माणूस. दिवसभर काचेच्या कारखान्यात भट्टीपाशी उभा राहायचा, आणि कुणाला गाडी घ्यायची असली की महिन्याच्या शेवटच्या दिवशी चर्चला जायचा कोट चढवून शोरूममध्ये जाऊन बसायचा. महिन्याचा शेवटचाच दिवस, कारण त्या दिवशी सेल्समनला आपला आकडा गाठायचा असतो. बरोबर डब्यात दोन सँडविच, म्हणजे भुकेपोटी घाई व्हायला नको. जुन्या गाडीची किल्ली सौदा ठरेपर्यंत आपल्याच खिशात, म्हणजे केव्हाही उठून जाता येतं. समोरचा मॅनेजरला विचारून येतो म्हणून आत गेला, की थॅडियस सँडविचचा कागद सोडायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे, "आत जाऊन कॉफी पितोय तो. पिऊ दे. आपणही खाऊन घेऊ." अशा किती गाड्या त्यांनी लोकांना मिळवून दिल्या असतील, कोण जाणे. बदल्यात घरी सॉसेजच्या माळा यायच्या, ईस्टरला अंडी यायची.

बर्नडीनला मात्र या सगळ्याची लाज वाटायची. बारा वर्षांची असताना एकदा ती बरोबर गेली होती. गाडीत पायांखाली घालायच्या रबरी चटयांवरून वडील चाळीस मिनिटं भांडले, तेवढा वेळ ती शोरूममध्ये टांगलेले फुगे मोजत उभी होती, आणि परतताना तिने सांगून टाकलं होतं, "मी पुन्हा नाही येणार तुमच्याबरोबर." त्यानंतर ती खरंच कधी गेली नाही. मोठी झाली, तिसरीच्या वर्गाला शिकवू लागली, लग्न केलं, मोडलं, वडिलांच्या घरी परत आली. गाडीची गरज पडली तेव्हा त्यांनीच आणून दारात उभी केली. किंमत तिने विचारली नाही, त्यांनी सांगितली नाही.

आता मात्र ट्रेने भागणार नव्हतं. हिवाळा तोंडावर आला होता, आणि मिस फेल्प्सचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला.

"माझ्या भाच्याला घेऊन जा," शेजारच्या मिसेस झालेव्स्की कुंपणापलीकडून म्हणाल्या. "एकटी बाई दिसली की मेले चढवूनच सांगतात. थॅडी धडधाकट असता तर गोष्ट वेगळी."

"पा येतायत की माझ्याबरोबर."

"अगं, ते येतील, पण..." मिसेस झालेव्स्कींनी पुढचं गिळलं आणि कपडे वाळत घालू लागल्या.

त्या वर्षी, म्हणजे एक्क्याण्णव साली, नोव्हेंबरचा शेवटचा दिवस शनिवारी आला होता. थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती, शाळा बंद. वाचनालयात गाड्यांच्या किमतींचं एक पुस्तक असतं, त्यातून बर्नडीनने तिला हव्या त्या गाडीची कारखान्याची किंमत, म्हणजे शोरूमला ती कितीला पडते तो आकडा, उतरवून घेतला होता: बारा हजार दोनशे आठ डॉलर. चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, वडिलांना कोट चढवला, आणि बापलेक निघाले. सँडविच करायचं तिला सुचलं नाही.

शोरूम पोर्ट लॉरेन्स मोटर्स नावाचं होतं, हमरस्त्यावरचं, दारात झेंड्यांच्या माळा. आत शिरताच एक तिशीचा पोरगेला माणूस हात पुढे करत आला. कोटावरच्या पट्टीवर नाव, ड्वेन प्रुइट. चेहरा भला होता, पण हसू जरा घाईचं. बर्नडीनने वडिलांना टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवलं, हातात कॉफीचा कप दिला आणि सांगितलं, "पा, मी आलेच. इथेच बसा."

"नाही," वडील म्हणाले आणि बसले.

गाडी तिला पसंत पडली. गडद हिरवी, चार दारांची, दार रुंद उघडणारी, सीट उंचीला बेताची. लुळा पाय आत घ्यायला सोपी. ड्वेनने तिला चक्कर मारून आणली. काचेवर कारखान्याचा किमतीचा कागद चिकटवलेला होता, तेरा हजार सहाशे चाळीस. पण त्याच्या शेजारी दुसरा एक कागद होता, शोरूमचा स्वतःचा, तसाच दिसणारा: गंज लागू नये म्हणून फवारणी, रंगाला संरक्षण, सीटच्या कापडाला संरक्षण, बाजूंना सोनेरी पट्टा. या सगळ्याचे वर अकराशे ऐंशी.

"हे नको असेल तर?" बर्नडीनने विचारलं.

"करून झालंय मॅडम. काढता येत नाही ना." ड्वेनने दिलगिरीचं तोंड केलं. "पण तुमच्यासाठी मी मॅनेजरशी बोलेन. या, बसू या."

त्याच्या काचेच्या खोलीत बसल्यावर त्याने एका कागदावर उभी-आडवी रेघ मारून चार चौकोन केले आणि गोड आवाजात विचारलं, "महिन्याला किती हप्ता जमेल तुम्हाला?"

बर्नडीनने मनातल्या मनात पगाराचा हिशेब करायला घेतला. किमतीचं तिने तयार करून आणलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठे गेलं. समोरचा एवढ्या आपुलकीने विचारतोय, तर उत्तर द्यायला हवं, असंच तिला वाटलं. शाळेत ती मुलांना तेच शिकवायची.

"आणि हो, तुमच्या जुन्या गाडीची किल्ली द्या," ड्वेन म्हणाला. "आमचा माणूस तेवढ्यात बघून भाव काढेल."

तिने पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"नाही!"

दोघांनी दचकून पाहिलं. दारात थॅडियस कुबाकी उभे होते. टीव्हीपासून इथपर्यंत पाय ओढत आले होते, कोटावर कॉफी सांडलेली. त्यांनी डावा हात पुढे केला, किल्लीवर पंजा ठेवला, ती ओढून घेतली आणि खिशात टाकली. मग मुलीच्या शेजारच्या खुर्चीत, जरा तिरके, पण ठाण मांडून बसले.

बर्नडीनला वाटलं, बिचाऱ्यांना घरी जायचंय. "पा, थोडाच वेळ," ती म्हणाली. ड्वेनला ती समजावून सांगणार, एवढ्यात तोच म्हणाला, "हरकत नाही, हरकत नाही. किल्ली नंतर बघू. तर हप्ता..."

"नाही," वडील म्हणाले.

ड्वेनने त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा हसत नव्हता, रागावलेलाही नव्हता. नुसता बघत होता. तोंडाची उजवी बाजू किंचित ओघळलेली, त्याने चेहरा मोठा कडक दिसत होता.

"बरं. सर थेट किमतीवर बोलायचं म्हणतायत," ड्वेन म्हणाला. "चौदा हजार तीनशे. त्यात सगळं आलं. सर, तुमचं काय म्हणणं आहे?"

"नाही."

"मी मॅनेजरला विचारून येतो." तो उठून गेला.

बर्नडीन वडिलांच्या कोटावरची कॉफी रुमालाने टिपू लागली. ड्वेन पाच मिनिटांनी परत आला, चेहऱ्यावर आपण फार मोठं काम करून आल्याचा भाव. "तेरा हजार नऊशे! मॅनेजर माझ्यावर ओरडला, पण मी त्याला म्हटलं, घरातली माणसं आहेत."

"नाही."

पुन्हा फेरी. तेरा पाचशे, सर, काय म्हणणं आहे? नाही. पुन्हा फेरी. तेरा हजार शंभर. ड्वेनच्या कपाळावर घाम आला होता. दर फेरीला बर्नडीन तोंड उघडायची आणि मिटायची. तिला हसू येत होतं आणि अपराधीही वाटत होतं. तिच्या वर्गातल्या एखाद्या पोराने कॉपी करावी आणि तिने ती पाहून न पाहिल्यासारखं करावं, तसं काहीतरी चाललं होतं. आता हा परत आला की सांगून टाकायचं, तिने ठरवलं.

ड्वेन आला तो छापील कागद घेऊनच. "तेरा शंभर. त्यात फवारणी, रंग, कापड, सगळं. इथे सही." त्याने कागद तिच्यापुढे फिरवला आणि पेन ठेवलं.

थॅडियस कुबाकींनी पेन उचललं.

डाव्या हाताने, मुठीत धरल्यासारखं. कागद स्वतःकडे ओढला. बर्नडीन थांबवायला गेली, पण तिचा हात अर्ध्यावरच राहिला. वडिलांची नजर कागदावर वरून खाली सरकत होती. ओळीमागून ओळ. गाडीच्या नावावरून ती पुढे गेली. रंगावरून पुढे गेली. फवारणीच्या ओळीवर थांबली. पेन खाली आलं आणि थरथरती, वाकडी रेघ त्या ओळीवरून गेली. मग रंगाचं संरक्षण, रेघ. मग सीटचं कापड, रेघ. सोनेरी पट्टा, रेघ. खाली 'वाहतूक खर्च' म्हणून एक ओळ होती, तो खर्च कारखान्याचा, खराच असतो. तिथे पेन क्षणभर थांबलं आणि तिला न शिवता खाली उतरलं. शेवटी 'कागदपत्रांची फी' होती. रेघ.

मग त्यांनी पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं. टोपण डाव्या हाताने लावायला त्यांना तीन प्रयत्न लागले.

बर्नडीन रडायला लागली. रडू कुठून आलं ते तिला कळलंच नाही. जुलैपासून ती रडली नव्हती, दवाखान्यात नाही, घरी नाही, आणि आता झेंडे लावलेल्या शोरूममध्ये, अनोळखी माणसासमोर, हुंदके देऊन रडत होती. ते वाचत होते. ते सगळं वाचत होते, आणि त्यातलं काय खरं, काय लबाडी, हे त्यांना अजून कळत होतं.

ड्वेन उभाच राहिला. "मॅडम... मॅडम, प्लीज... बारा नऊशे! बारा नऊशेला देतो, मॅनेजर मला खाऊन टाकेल, पण तुम्ही रडू नका!"

त्यावर बर्नडीनला रडता रडता हसू फुटलं. "अहो नाही," ती नाक पुसत म्हणाली, "किमतीसाठी नाही रडत मी. ऐका, मला तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. माझ्या वडिलांना झटका येऊन गेलाय. त्यांना तेवढा एकच शब्द बोलता येतो. कॉफी हवी का विचारलं तरी ते 'नाही'च म्हणतात. मला वाटलं, ते काही घासाघीस करत नाहीयेत, तुम्ही उगीचच किंमत उतरवताय." तिने वडिलांकडे पाहिलं. "पण ते करतायत. मला आत्ता कळलं."

ड्वेन खाली बसला. मग म्हणाला, "मी त्यांना कितीतरी वेळा विचारलं, सर, तुमचं काय म्हणणं आहे." आणि कानांपर्यंत लाल झाला. "मी... मी मॅनेजरला सांगून येतो."

या वेळी तो खरोखरच काहीतरी सांगायला गेला. काचेतून दिसत होतं; तो हातवारे करत होता, आणि टेबलामागचा टकला, धिप्पाड माणूस हळूहळू खुर्चीतून उठत होता. तो माणूस खोलीतून बाहेर आला, शोरूम ओलांडून दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कुबाकी."

थॅडियस कुबाकींनी मान वर केली.

"मला वाटलंच. ड्वेन म्हणाला, एक म्हातारा आहे, नाही म्हणतो आणि बघत बसतो. म्हटलं, अख्ख्या ओहायोत असा एकच." तो बर्नडीनकडे वळला. "गिल ऑस्टरमन. तुम्ही त्यांची मुलगी? बाई, या माणसाने मला जेवढी डोकेदुखी दिली, तेवढी बायकोने दिली नाही." बोलता बोलता त्याची नजर लुळ्या हातावर गेली, आणि त्याचा आवाज खाली आला. "कधी झालं?"

"जुलैत."

ऑस्टरमन टेबलाच्या कडेला टेकला. "अडुसष्ट साली मी इथे नवा लागलो. महिन्याचा शेवटचा दिवस, सात गाड्या विकल्या होत्या, आठ विकल्या नाहीत तर नोकरी जाणार. संध्याकाळी हे आले, कुणा शेजाऱ्याला घेऊन. चार तास! शेवटी मी यांना सगळं सांगून टाकलं. बायकोला दिवस गेलेत म्हटलं, ही गाडी गेली नाही तर उद्या मी रस्त्यावर. तुम्हाला वाटेल, विरघळले असतील."

"नाही विरघळले?" बर्नडीनने विचारलं.

"अर्धं सँडविच मला दिलं आणि पुढे एक तास भांडले!" ऑस्टरमन मोठ्याने हसला. "पण गाडी घेतली. दाराबाहेर पडताना मला म्हणाले, पुढच्या महिन्यात आणखी दोघांना आणतो, तोवर टिकून राहा. आणि आणलं. दोघांना आणलं. मी टिकलो."

त्याने एकदा वडिलांकडे पाहिलं. मग त्याने कागद उचलला, त्यावरच्या रेघा पाहिल्या, आणि म्हणाला, "हे बघा मिस कुबाकी. आम्हाला गाडी जेवढ्याला पडली तेवढ्याला घेऊन जा. बारा हजार दोनशे. वर एक पैसा नको. यांच्यासाठी."

बर्नडीनला पर्समधली चिठ्ठी आठवली. माणूस खरं बोलत होता. उलट आठ डॉलर खाली आला होता. ती आभार मानायला उठलीच.

"नाही!"

हा 'नाही' वेगळा होता. शोरूमच्या पार टोकाला एक जोडपं गाडीच्या डिकीत वाकून बघत होतं, त्यांनीही माना वळवल्या. थॅडियस कुबाकींचा चेहरा तापला होता, डावा हात टेबलाच्या कडेवर घट्ट आवळलेला.

ऑस्टरमन गोंधळला. "अहो, याच्या खाली मी कसा जाणार? पदरचे घालू?"

"त्यांना किंमत कमी नाही करायची," बर्नडीन सावकाश म्हणाली. तिलाही बोलता बोलताच ते उमगत होतं. "तुम्ही त्यांची कीव केलीत, ते नकोय त्यांना."

ऑस्टरमनने एकदा तिच्याकडे, एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, ड्वेनला हाताने बाजूला केलं आणि वडिलांच्या बरोबर समोर बसला. बाह्या वर सारल्या.

"ठीक आहे. मग नीट करू या. तेरा हजार."

"नाही."

"बारा हजार आठशे. दोन मुली कॉलेजात आहेत माझ्या."

"नाही."

"माझ्या मुलींचं काहीच वाटत नाही तुम्हाला?"

"नाही." म्हाताऱ्याच्या तोंडाची डावी बाजू जराशी वर उचलली गेली होती.

"त्यातली थोरली म्हणजे अडुसष्ट सालची बरं का! तिच्याच शिक्षणाला हातभार लावा. बारा सातशे."

"नाही."

"निर्दयी माणूस आहात. बारा हजार पाचशे, आणि आता मी उठलो." ऑस्टरमन खरंच अर्धा उठला.

थॅडियस कुबाकींनी कागद आपल्याकडे ओढला. त्यांनी पुन्हा पेन घेतलं. या वेळी टोपण दातांनी काढलं. कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर त्यांनी एकाचा आकडा, एक उभी रेघ, काढला. मग दोन. दोनाची शेपटी फार लांब गेली. मग तीन, आणि तो तीन उलटा, आरशात बघून काढल्यासारखा. ते थांबले, त्याच्याकडे बघत राहिले, त्यावर काट मारली आणि शेजारी पुन्हा तीन काढला, सरळ. बर्नडीनने पंधरा वर्षांत मुलांचे हजारो उलटे तीन दुरुस्त केले होते. हा एक तिला करावा लागला नाही. मग पाच. मग शून्य.

बारा हजार तीनशे पन्नास.

खोलीत सगळे त्या कागदाकडे बघत होते. पहिल्यांदा भानावर आली ती बर्नडीन. "पा! अहो, ते बारा दोनशेला देत होते! दीडशे डॉलर वाढवून काय देताय? माझे पैसे आहेत ते!"

"नाही," वडील म्हणाले, आणि कागद ऑस्टरमनकडे सरकवला.

ऑस्टरमन पोट धरून हसला, हसता हसता त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला. "तेवीस वर्षं," तो म्हणाला, "तेवीस वर्षं हा माणूस मला हेच शिकवतोय. विकणाऱ्याला थोडं सुटलं पाहिजे, नाहीतर पुढच्या शेजाऱ्याला तो दारातून आत घेणार नाही. दर वेळी शेवटी शे-दीडशे माझ्यासाठी सोडून जायचे. तुम्हाला नव्हतं माहीत?"

बर्नडीनला नव्हतं माहीत. तिला वाटत आलं होतं, की तिचे वडील लोकांना पिळून काढतात आणि त्यात त्यांना मजा येते. खरं म्हणजे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"मंजूर," ऑस्टरमन म्हणाला. उजवा हात पुढे करून त्याने तो मध्येच मागे घेतला, डावा केला. दोघांनी हात मिळवले. मग वडिलांनी खिशातून जुन्या गाडीची किल्ली काढून आपण होऊन टेबलावर ठेवली. त्या गाडीचे ड्वेनने दोनशे लावले. तिच्यातला ट्रे बर्नडीन काढून घेऊ लागली, तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या मॅडम, नाहीतर आमचा माणूस त्यातून खाली पडेल."

सह्या होईपर्यंत बाहेर बारीक बर्फ सुरू झालं होतं. नवी गाडी बर्नडीनने फार हळू चालवली. हीटर लगेच तापला. पुलापाशी सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "पा, तेव्हा, लहानपणी, मी म्हटलं होतं ना, तुमच्याबरोबर कधी येणार नाही." वडील समोर बघत होते. "माझं चुकलं होतं. आज तुम्ही होतात म्हणून झालं. थँक यू, पा." त्यांनी डाव्या हाताने तिच्या कोटाची बाही धरली. सिग्नल हिरवा झाल्यावरही बराच वेळ सोडली नाही, त्यामुळे वळताना तिची तारांबळ उडाली.

सोमवारी तिने तो कागद मिस फेल्प्सपुढे ठेवला. मिस फेल्प्सनी तो दोनदा उलटसुलट करून पाहिला. उलटा तीन, त्यावरची काट, सरळ तीन. "स्वतःच चूक ओळखली आणि दुरुस्त केली?" त्यांनी विचारलं. "कुणी सांगितलं नाही?" बर्नडीनने मान हलवली. मिस फेल्प्स उठल्या, सफरचंदांचे पत्ते कपाटात ठेवून आल्या आणि थॅडियस कुबाकींसमोर येऊन बसल्या. "मिस्टर कुबाकी, मी तुमची माफी मागते. मी तुम्हाला फार कंटाळवाणं काहीतरी विचारत होते." मग त्यांनी रविवारचं वर्तमानपत्र आणायला सांगितलं, गाड्यांच्या जाहिरातींची पानं टेबलावर पसरली आणि विचारलं, "यात कोण फसवतंय, दाखवा मला."

त्या दिवशी थॅडियस कुबाकी पाऊण तास बसले. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यावरून बोट खाली नेऊन बारीक टाइपातल्या ओळीवर आपटत राहिले. नाताळच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या तोंडून दुसरा शब्द आला. तो होता 'बारा'. मग 'दोनशे'. 'बर्नी', ही मुलीला मारायची त्यांची हाक, यायला त्यानंतर बरेच दिवस लागले. पण बर्नडीनने त्याची घाई केली नाही. आता ते येणार, हे तिला माहीत झालं होतं.

नाताळच्या दोन दिवस आधी तिने खसखस भरलेले गोड रोल भाजले. त्यातले दोन रोल मिसेस झालेव्स्कींना दिले, त्यांच्या भाच्यालाही एक पाठवला, आणि उरलेले डब्यात भरून एकटीच शोरूमवर गेली. ऑस्टरमन बाहेर गेला होता. ड्वेन प्रुइट एका गाडीच्या काचेवरचं बर्फ झाडत होता. तिला ओळखल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला.

"काय बिघडलं?" त्याने विचारलं. "इंजिनातून आवाज येतोय का? दार नीट लागत नाही?"

"काही बिघडलं नाही. गाडी उत्तम आहे."

"मग?"

"तुमचे आभार मानायला आले. तुमचे आणि मिस्टर ऑस्टरमनचे." तिने डबा पुढे केला. "माझ्या वडिलांना तुम्ही दर वेळी विचारलंत, सर, तुमचं काय म्हणणं आहे. चार महिन्यांत दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही."

ड्वेनला हातांचं काय करावं कळेना. झाडू काखेत धरून त्याने डबा घेतला, झाकण उघडलं, बंद केलं. "गाडी घेऊन गेलेलं माणूस परत येतं ते भांडायलाच," तो म्हणाला. "सहा वर्षं आहे मी इथे. खायला कुणी काही आणलं नव्हतं." मग तिथेच, बर्फात उभ्या उभ्या, त्याने डब्यातला एक रोल काढून तोडला, अर्धा तिच्या हातात दिला, आणि दोघं तो खात उभे राहिले. दारातून एक गिऱ्हाईक दोनदा बाहेर डोकावून गेलं. ड्वेनने त्याला हाताने खूण केली, की जरा थांबा, येतो.